प्रूइटच्या वर्लीननं केबल तोडली

डॉईल हॅडॉकला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटायची. ती मार्चमध्ये सुरू व्हायची आणि जून संपेपर्यंत त्याला सोडायची नाही.

आठ वर्षांचा असताना टोर्नेडोनं त्यांचं घर उचललं होतं. डॉईल वाचला. धाकटी बहीण नोरीन दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गव्हात सापडली. पुढे आमच्या प्रूइट गावात धान्यकोठारावर त्यानं चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळला, पण वसंतात आभाळ हिरवट दिसायला लागलं की तो काटा सोडून घरी यायचा. मग तो टीव्हीसमोर बसायचा. ओक्लाहोमा सिटीच्या चॅनेलवरचा हवामानवाला एकेका रस्त्याचं नाव घेऊन वादळाची सोंड कुठे पोचली ते सांगत असायचा. नावं ऐकली की डॉईलचा जीव थाऱ्यावर यायचा. "ते कुठं आहे एवढं कळलं पाहिजे," तो म्हणायचा. "कळलं की मला काही होत नाही."

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणं जड झालं. त्याची बायको वर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, काटक बाई. औषधांचा खर्च वाढला आणि त्याच हिवाळ्यात केबलचं बिल एकशे सत्तर डॉलरवर गेलं. तिनं फोन करून केबल बंद करायला सांगितली. पलीकडच्या मुलीनं तिला पाऊण तास धरून ठेवलं, सवलती देऊ केल्या, पण वर्लीन बधली नाही.

त्यानंतर तिला पैसे वाचवायची गोडीच लागली. एका महिन्यात इंटरनेटवरून टीव्हीवर सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या एकाच अ‍ॅपची वर्गणी भरायची, त्यातलं हवं ते बघून घ्यायचं, पुढच्या महिन्यात दुसरं. वर्गणी भरली त्याच दिवशी रद्द करून टाकायची, म्हणजे विसरायला नको. महिना संपेपर्यंत ते चालूच राहतं. जाहिराती चालत असतील तर स्वस्तातलं घ्यायचं. काही तर फुकटच असतात. रविवारी चर्च सुटलं की बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या आणि या महिन्यात काय घेऊ म्हणून विचारायच्या. शाळेत तीस वर्षं तिनं चारशे पोरांना वाढलं, तेव्हा कुणी एवढं विचारलं नव्हतं.

ओक्लाहोमा सिटीचे, म्हणजे डॉईलच्या हवामानवाल्याचे चॅनेल दाखवणारं अ‍ॅप मात्र सगळ्यांत महाग होतं. यंदा जानेवारीत तिनं ते काढून टाकलं.

"आणि वसंतात?" डॉईलनं विचारलं.

"फोनवर इशारा येतोच की. गावचा भोंगा वाजतो. एप्रिल आला की घेईन परत."

मार्चमध्ये तिच्या लक्षात आलं, की त्यानं आपली खुर्ची हळूहळू सरकवत खिडकीकडे वळवली आहे. टीव्ही चालू असला तरी तो नैऋत्येकडचं आभाळ बघत बसायचा. तिला ते दिसत होतं आणि खुपतही होतं. पण एप्रिल कोरडाच गेला. उगाच पूर्ण महिन्याचे पैसे कशाला, असं म्हणत तिनं आठवडा पुढे ढकलला, मग आणखी एक.

मे महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी चारच्या सुमाराला ती ओट्याशी घेवड्याच्या शेंगा मोडत होती. घरात एकाएकी अंधारून आलं. बाहेर बघितलं तर आभाळ शेवाळासारखं. मग भोंगा सुरू झाला आणि ओट्यावरचा फोन किंचाळला: ताबडतोब आसरा घ्या. कुठून येतंय, किती लांब आहे, काही नाही.

तिनं टीव्हीवर ते महाग अ‍ॅप उघडलं. कार्डाचा नंबर टाकला, बोटं घसरत होती, चुकला, परत टाकला. पडद्यावर गोल फिरत राहिला. फिरत राहिला आणि मग इंटरनेट नसल्याचं लिहून आलं.

परसात जमिनीखाली वादळात लपायचं भुयार होतं, खाली उतरायला आठ पायऱ्या. जावई मदतीला असला आणि हवा शांत असली, तरी डॉईलला तिथे न्यायला बारा मिनिटं लागायची. आता गारा पडायला लागल्या होत्या.

"तू जा," डॉईल म्हणाला. झटका आल्यापासून इतकं स्पष्ट तो बोलला नव्हता. "वर्लीन, भुयारात जा."

ती उत्तर न देता पुढच्या दारानं बाहेर पळाली. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी होती. पोचेपर्यंत एक गार कपाळावर बसली. गाडीत शिरून तिनं रेडिओ लावला. हवामानवाला रस्त्यांची नावं घेत होता आणि प्रत्येक नाव तिच्या ओळखीचं होतं. मग तो म्हणाला, प्रूइटच्या दक्षिणेला असाल तर तुमच्या हातात पाच मिनिटं आहेत.

पाच मिनिटांत भुयार शक्य नव्हतं. निदान तेवढं कळलं.

ती आत आली तर खुर्ची रिकामी. डॉईल जमिनीवर पडलेला, डाव्या कोपरावर जोर देऊन दाराकडे सरकत होता. तिनं त्याला गोधडीवर लोटलं आणि गोधडी ओढत बोळातून न्हाणीघरात नेलं. तिथे खिडकी नव्हती. त्याच्यावर पलंगाची गादी टाकून ती स्वतः खाली शिरली.

"मला वाटलं गेलीस," तो तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला.

"तूच म्हणालास ना, जा."

"म्हणालो खरं. पण गाडीचं दार वाजलं आणि वाटलं, कशाला म्हणालो."

मग आवाज आला आणि बोलणं संपलं. घर हुंकारत होतं. कानात दडे बसले, मोरीच्या भोकातून हवा शोषली जाऊ लागली. डॉईल नोरीनला हाका मारत होता. वर्लीनला त्या ऐकू येत नव्हत्या, पण त्याचे ओठ तिच्या मानेवर हलत होते.

ते गेलं तेव्हा घर उभं होतं. कोठाराचं छप्पर उडालं, दक्षिणेकडची तीन घरं भुईसपाट झाली, माणूस कुणी गेलं नाही. हॅडॉकांची शेड नाहीशी झाली होती. गाडी रस्त्यापलीकडच्या चरात उलटी पडली होती. जिथे बसून वर्लीननं रेडिओ ऐकला, तिथलं टप सीटला टेकलं होतं.

चार दिवसांनी खिळे आणायला ती हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि बोलता बोलता इंटरनेट गेल्याचं सांगितलं. दुकानदाराला नवल वाटलं. तो म्हणाला, ओक्लाहोमा सिटीचे चॅनेल हवेतून फुकटच येतात, कधी बंदच झाले नव्हते; खिडकीत पुठ्ठ्याएवढा अँटेना चिकटवला की झालं. पंचवीस डॉलर, तेही एकदाच. तिच्या लहानपणी प्रत्येक छपरावर अँटेना असायचा. केबल आली तेव्हा ते सगळं संपलं, असंच ती धरून चालली होती. तिनं पंचवीस डॉलर काउंटरवर ठेवले आणि खिळे तिथेच विसरून अँटेना घेऊन निघाली.

आता डॉईल पूर्वीपेक्षा बरा झोपतो. जागी असते वर्लीन. चर्चबाहेर बायका अजूनही या महिन्यात काय घेऊ म्हणून विचारतात. ती उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या घरी जाते, वायफाय बंद करायला लावते आणि ओक्लाहोमा सिटीचं चॅनेल दिसतं का ते स्वतः बघते. बायका तिच्या माघारी हसतात. परवा ऑक्टोबरातल्या निरभ्र दुपारी मी तिच्याकडे गेलो, तर टीव्ही आवाज बंद करून चालू होता, पडद्यावर राज्याचा नकाशा होता, त्यावर वादळाचा ठिपकासुद्धा नव्हता, आणि वर्लीन पायांत बूट घालून समोर बसली होती.

"बंद कर की गं आता," डॉईल आतून म्हणाला.

"पाच मिनिटांनी," ती म्हणाली.