कॅप्टन अरांदियांची चूक

ला पाझच्या विद्यापीठात मनाची प्रयोगशाळा काढणारे पहिले झेनोबियो अरांदियाच. लोक चिडवायचे, "डॉक्टर, मन कुठल्या बरणीत ठेवलंय हो?" चाकोच्या रानात शेजारच्या देशाशी लढाई पेटली, तसे ते कॅप्टन झाले आणि मी, पठारावरच्या लोकांची आयमारा भाषा बोलणारा कॉर्पोरल, त्यांचा दुभाषा.

काम एकच. डाव्या हाताला गोळी लागलेला शिपाई आला, की ती शत्रूची का घरी पळायला स्वतःच मारून घेतलेली, हे ठरवायचं. कॅप्टन प्रश्न विचारायचे आणि सेकंद मोजायचे. उत्तर उशिरा आलं की माणूस खोटा. खोटा ठरला की केब्राचोच्या झाडाला बांधून गोळी. अकरा जण तसे गेले.

बारावा सिक्स्तो युखरा, पठारावर लामा राखणारा.

"गोळी कुणी मारली?"

पाच सेकंद. "शत्रूनंच, ताता."

कॅप्टननी कागदावर फुली मारली. मग उगाच विचारलं, "आईचं नाव काय रे?"

परत पाच सेकंद. "सातुका, ताता."

कॅप्टनचा चेहरा उतरला. "आईचं नाव सांगायला एवढा वेळ?"

मी म्हणालो, "ज्याला ताता म्हणायचं अशा थोरानं विचारलं की आमच्यात लगेच तोंड उघडत नाहीत, साहेब. उर्मटपणा दिसतो."

"आणि हे तू आज सांगतोस?"

"तुम्ही आज विचारलंत."

ते तसेच कर्नलच्या तंबूत धावले. मी मागं.

"युखराला सोडा. माझी परीक्षाच चुकीची आहे. शहरातल्या पोरांवर बेतलेली."

कर्नल दाढी करत होते. "मग ते अकरा?"

"तेही निर्दोष असतील. मीच मारले. लिहून देतो."

"द्या की! आणि उद्या अकरा आया माझ्या दारात? शास्त्र तुमचं, डॉक्टर. आता तोंड मिटा."

कॅप्टननी तरी लिहिलं. कर्नलनी त्या कागदाला वस्तरा पुसला.

दुपारी कॅप्टन झाडाला बांधलेल्या युखरापुढं जाऊन उभे राहिले. खांद्यावरच्या हुद्द्याच्या पट्ट्या उपटून फेकल्या, ओरडले, "मला मारा!" दोघा शिपायांनी त्यांना फरफटत बाजूला नेलं. युखरानं मला विचारलं, "ह्या ताताला काय झालं?" मी सांगणार, तोवर बार झाले.

लढाई संपल्यावर विद्यापीठानं कॅप्टनना परत बोलावलं, ते गेले नाहीत. मला घेऊन त्या बारा जणांची गावं शोधत निघाले. दारात टोपी काढून म्हणायचे, "तुमचा मुलगा खोटा नव्हता. खोटा मी." मी ते आयमारात सांगायचो. कुणी थुंकलं, कुणी चुन्यो, आमचे वाळवलेले बटाटे, वाढले. सातुकानं नुसतं दार लावून घेतलं.

आठव्या गावी ते तापानं गेले.

उरलेल्या चार घरी मी अजून गेलेलो नाही.