कातळावरची दोरी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. सुमनवहिनींचे. त्या माझ्या मोठ्या भावाच्या पत्नी. बारावीनंतर मी आमच्या तालुक्याच्या गावाहून डोंबिवलीला, कोपरला, त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि माणसं आधीच चार. पदवीची तिन्ही वर्षं वहिनी रोज संध्याकाळी दोन्ही मुलांना घेऊन बाहेर जायच्या आणि जेवायच्या वेळेला परत यायच्या. पावसाळ्यात स्टेशनच्या पुलावर जाऊन बसायच्या. मला अभ्यासाला खोली रिकामी मिळावी म्हणून हे चाललेलं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीवर नोकरी लागली आणि त्या नोकरीने मला या प्रवासाला पाठवलं. म्हणून सुरुवात वहिनींपासून.

नोकरी एका लहानशा संस्थेत आहे. संस्था पाड्यांवर जाऊन बायकांशी मासिक पाळीबद्दल बोलते. बोलण्याचं काम शुभांगीताईंचं. त्या निवृत्त परिचारिका आहेत, ठाण्यात कोपरीला राहतात. माझं काम खोकी उचलायचं.

सप्टेंबर संपत आलेला. मी कोलशेतच्या माझ्या आताच्या खोलीवरून सकाळी निघालो, कोपरीला ताईंच्या घरून सॅनिटरी पॅडची तीन खोकी घेतली आणि आम्ही कल्याण गाठलं. तिथून मलंगगडाच्या दिशेने टमटम. खोकी मांडीवर, पायाशी आणि शेजारच्या गृहस्थांच्या पायाशी. गृहस्थ पागोटंवाले, वयस्कर.

"काय आहे खोक्यात?" त्यांनी विचारलं.

"औषधं," मी म्हणालो.

"कंबरेला चालेल का? वाकलो की उठता येत नाही."

मी ताईंकडे पाहिलं. ताई बाहेर शेताकडे बघत म्हणाल्या, "बाबा, कंबर दुखते त्या दिवसांचंच आहे, पण तुम्हाला लागू पडणार नाही."

"उष्ण पडत असेल," गृहस्थ म्हणाले आणि उतरेपर्यंत खोकं सांभाळून धरून बसले.

रस्ता संपला तिथे आम्ही उतरलो. पुढे भाताच्या खाचरांमधून बांधाबांधाने चालायचं. भात पोटरीला आलेलं. ऊन पडलं की सगळं हिरवं डोळ्यांत भरायचं आणि लगेच ढग यायचा. ओढ्यात माझा पाय घसरला आणि एक खोकं पाण्यात पडलं. ते काढून आम्ही दगडावर उघडलं. आतली पॅड पाणी पिऊन उशीएवढी झालेली. "माल चांगला आहे," ताई म्हणाल्या. "शोषून घेतोय." ते खोकं आता उरलेल्या दोन्हींहून जड झालं. तेही मीच उचललं.

पाड्याचं खरं नाव लिहू नका, असं तिथल्या बायकांनी सांगितलं आहे. इथे त्याला करवंदवाडी म्हणू. माणसांची नावंही बदलली आहेत. वीस-पंचवीस घरं, ठाकर आदिवासींची. भिंती कुडाच्या (कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपून केलेल्या). चहूबाजूंनी झाडी, त्यामुळे पाड्यात दुपारीही ओल आणि अंधार. पाड्याच्या वर एक मोठा कातळ (सपाट, उघडा खडक) आहे. तेवढ्यावर ऊन लख्ख पडलेलं. तिथे पुरुष बसलेले दिसले.

आम्ही येसूच्या घरी गेलो. येसू पंचविशीची, दोन मुलांची आई. पावसाळाभर ती रानातली कंटोळी, शेवळं, कुड्याची फुलं अशा भाज्या टोपलीत भरून कल्याणच्या बाजारात नेते. घर त्यावर चालतं. गेले काही आठवडे मात्र तिला चालता येत नव्हतं. हे तिने स्वतःच सांगितलं आणि "लिवा, पण नाव दुसरं घाला" असंही सांगितलं. पाळीत वापरायचं फडकं ओलंच राहायचं, त्याने मांड्या सोलून निघालेल्या, आणि आता ते पिकून ताप येत होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, फडकं उन्हात कडक वाळव, नाहीतर हे परत परत होत राहील. येसू घरी आली आणि तिने आजूबाजूला ऊन शोधलं. ते कातळावर होतं.

बायका जमल्या तशी ताईंनी मला बाहेर काढलं. मी ओट्यावर बसलो. कुडातून सगळं ऐकू येत होतं. मला प्रश्नावली भरायची होती, म्हणून मी ऐकलं.

जुन्या लुगड्याचं फडकं सगळ्याच वापरत होत्या. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा कुणाला भावजयीने सांगितलं, कुणाला मैत्रिणीने, एकीला कुणीच नाही. ती दिवसभर रानात लपून बसलेली, जळू चावली समजून. रक्त कुठून येतं याची तीन उत्तरं आली. ताईंनी चौथं सांगितलं. मग एक आवाज, "म्हंजी आजवर आमी उगाच घाबारलो." फडकं ओढ्याच्या खालच्या अंगाला धुवायचं, सरपणामागे नाहीतर दुसऱ्या लुगड्याखाली वाळवायचं. पावसाळ्यात ते वाळत नाही, वास मारतं, बुरशी धरतं. तसंच घ्यायचं. बाजूला बसायची पद्धत मात्र नाही.

"बाजूला म्हंजी कुटं?" एकीने विचारलं. "घरात एकच खोली. बाजूला बसली तर ती रानात जाईल."

"त्या दिसांत बियाण्याच्या कणगीला हात नाय लावायचा, येवढंच," दुसरी म्हणाली.

खोकी उघडली. पॅड हातोहात फिरली. बाजाराच्या दिवसाला बरी, असं ठरलं. पण रोजची म्हटली तर दोन महिन्यांत संपणार, आणि टाकायची कुठे? पुरली तर कुत्री उकरतात, ओली जळत नाहीत. यावर ताईंकडेही चांगलं उत्तर नव्हतं आणि त्यांनी तसं सांगितलं. फडकं राहणारच होतं. म्हणजे प्रश्न पुन्हा उन्हावर आला.

थोड्या वेळाने ताई ओट्यावर आल्या. "तू वर कातळावर जा. तिथे दोरी बांधू देतील का विचार."

"मी? कसं विचारू?"

"तोंडाने," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

कातळावर सात-आठ पुरुष एकाच दिशेला तोंड करून बसलेले. कुणी बोलत नव्हतं. लांबून मला ती प्रार्थना वाटली. जवळ गेल्यावर प्रत्येकाच्या हातात मोबाईल दिसला. पाड्यात रेंज फक्त इथेच येते. पाड्याचे कारभारी गोमादादा त्यांत होते, पन्नाशीचे, शिडशिडीत.

"तुमी बायकांत नाय बसलं?"

"मला बाहेर काढलं."

"आमाला पन," ते म्हणाले आणि सरकून मला जागा दिली.

मी म्हणालो की इथे दोरी बांधायची आहे, कपडे वाळवायला.

"बांधा की. इचारताय कशाला?"

"कपडे नाहीत. म्हणजे कपडेच आहेत. पण..." समाजशास्त्र घेऊन मी पदवी मिळवली आहे. त्यातला एकही शब्द आठवेना. "महिन्याचे," मी म्हणालो.

सगळ्यांनी मोबाईलमध्ये डोकं घातलं. एकजण म्हणाला, "नेट गेलं." खरं तर त्याच्या हातात गाणं चालू होतं.

गोमादादांनी मला नीट समजावून सांगितलं. ते फडकं बाप्याच्या (पुरुषाच्या) दृष्टीला पडलं तर नजर जाते. त्यांच्या चुलत्याची गेली.

"वय काय होतं त्यांचं?"

"ऐंशीच्या वर असंल."

मी ते लिहून घेतलं.

"तुमच्या घरी कुटं वाळत घालतात?" त्यांनी विचारलं. चौकशी अगदी साधी होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. कोपरच्या घरात मी सहा वर्षं राहिलो. गॅलरी, न्हाणीघर, स्वयंपाकघरातली तार, सगळं डोळ्यांसमोर आणलं. कुठेच काही नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"एका घरात राहूनशी?"

"एका खोलीत."

"बगा," गोमादादा बाकीच्यांना म्हणाले. "म्हनून याची नजर चांगली हाय."

टोकाला एक तरुण गप्प बसलेला. तो येसूचा नवरा सोमा. मोबाईल खाली ठेवून तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "डागदर बोलला, फडक्याला ऊन पायजे. ती मेली तर पोरं मी कुनाला दिऊ? ऊन हितंच हाय ना?"

गोमादादा उठून उभे राहिले. "टावर कुटल्या अंगाला?" सगळ्यांनी कल्याणकडे बोट दाखवलं. "तोंड तिकडं करून बसतो ना आपन? मंग दोरी मागल्या अंगाला बांधा. पाठीला कुटं डोळं असत्यात?"

ठराव झाला. मी धावत खाली आलो. एवढ्या मोठ्या कामात मला यापूर्वी कधी यश आलेलं नव्हतं. ओट्यावरूनच मी सांगितलं की दोरी मिळाली. आत आनंद होईल असं वाटलेलं.

"नको," येसूचा आवाज आला.

"अगं, का?" ताई.

"दोरीवर फडकं दिसलं की पाड्याला कळंल, आज येसूचं हाय. वरची पोरं मोजत बसतील. ह्या महिन्याला आलं, त्या महिन्याला नाय आलं. माझी सासू पन मोजंल. मी सरपनामागंच घालते."

"मग परत पिकेल."

"पिकू दे."

मी पायरीवर बसलो. आत कुणीतरी पोराला थोपटत होतं तेवढाच आवाज. मग एक जाडा, खरखरीत आवाज आला. ती धर्मीबाय, पाड्यातली सगळ्यात म्हातारी.

"मंग सगळ्याच घाला. रोज. असंल तिनं पन, नसंल तिनं पन. मी बी घालते."

"तू?" दुसरी म्हणाली. "तुजं तर माज्या लग्नाच्या आदीच बंद झालंय गं!"

"मोजू दे ना त्यांना. म्हनू दे, म्हातारीला परत आलं!"

आत जो हशा उठला तो कातळापर्यंत गेला असावा, कारण वरून कुणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं. येसूही हसत होती. हसता हसता "आय गं, दुखतंय" म्हणत होती. मला पायरीवर हसू आलं, पण मी तिथे नसल्यासारखा असायला हवा होतो, म्हणून आवरलं.

बांबू सोमाने तोडून आणले. कातळाच्या फटीत दगड ठोकून त्याने ते घट्ट उभे केले, आणि दोरी मी बांधली. बायका आल्या तशा पुरुषांनी पाठ फिरवली आणि ते कल्याणकडे बघत बसले. पहिलं फडकं धर्मीबायने घातलं, जुन्या हिरव्या लुगड्याचं. मग बाकीच्यांनी. एका घरातून तर पोराचा लंगोट आला. कुठलं कुणाचं हे मला खरोखर सांगता आलं नसतं. येसूचं कुणी आणि कधी घातलं ते मी पाहिलं नाही, आणि तेच तर हवं होतं.

जेवण धर्मीबायकडे झालं. तांदळाची भाकरी, सुकट आणि कोरा चहा. "बेताचं हाय," त्या म्हणाल्या. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. उतरताना पाऊस आला. मागे वळून पाहिलं तर पुरुष पाठमोरेच बसलेले, आणि बायका पळत वर जाऊन दोरीवरचं सगळं गोळा करत होत्या. गोमादादांनी न वळता विचारलेलं ऐकू आलं, "गेलं का समदं? आता वळू?"

परतीच्या टमटममध्ये ताईंना झोप लागली. मी विचार करत बसलो. पाड्यावरच्या बायकांना काय माहीत आहे आणि काय नाही, याचा तक्ता मी भरून आणलेला. त्यात एक रकाना कमी वाटत होता, घरातल्या पुरुषाला काय माहीत आहे याचा. तो असता तर माझ्या स्वतःच्या नावापुढे फार काही लिहिता आलं नसतं. पाड्याहून कोपर फार दूर आहे असं जाताना वाटलेलं. येताना तसं वाटलं नाही.

महिन्याभराने मी वहिनींना पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण घरचा फोन दादा उचलतो. पत्र असं:

"तीर्थरूप सौ. वहिनींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. मागे पाड्यावर गेलेलो ते तुम्हाला सांगितलं, पण दोरी कशासाठी बांधली ते दादासमोर सांगितलं नाही. बायकांना महिन्याची फडकी वाळवायला ऊन नव्हतं, त्यासाठी बांधली. ज्या येसूचं मी बोललो ती काल कल्याणच्या बाजारात भेटली. टोपली घेऊन चालत आलेली. जखमा भरल्या आहेत. शेवटची कंटोळी होती, तुमच्यासाठी अर्धा किलो घेतली आहेत.

तिथे मला एकाने विचारलं की तुमच्या घरी कुठे वाळत घालतात. मला सांगता आलं नाही. आताही विचारत नाही. तुम्हाला सांगायचं नसेल तर सांगू नका. पण आपल्या घरात ऊन कुठेच येत नाही, एवढं मला माहीत आहे.

मी तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागितली आहे. कशाला, असं त्यांनी विचारलं. ऊन हवंय म्हणालो. ते देतो म्हणाले. दक्षिणेच्या अंगाला पाण्याच्या टाकीमागे दिवसभर ऊन असतं. शेजारच्या काकूंना आणि वरच्या मजल्यावरच्या दोघींनाही सांगून ठेवा. एकीचीच दोरी असली की दिसते, चौघींची असली की कुणी बघत नाही.

रविवारी सकाळी दोरी आणि खिळे घेऊन येतो. दादाने कशाला म्हणून विचारलं तर लपवू नका, त्याला वर पाठवा. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेलच.

तुमचा,
विलास"