दत्तूची कवायत

तोफखान्यात माझी आणि दत्तूची एकच तोफ. मी पेणचा, तो रोह्याकडच्या खेड्यातला. पोस्टिंग सीमेवर, उंचावर. पहाटे चारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहायचं, मग चहा, मग गोळे वाहायचे. एकेक गोळा चाळीस किलोच्या वर. कुणी कंबरेतून वाकला की दत्तू खेकसायचा, "अरे येड्या, कंबर काय क्रेन हाय? बस! पोटाशी घे! मांडीच्या जोरावर ऊठ! आन् वळायचं तं पाय फिरव, कंबर पिळू नको." नवा रंगरूट असो की सुभेदारसाहेब, त्याच्या तोंडातून कुणी सुटला नाही.

एका दुपारी समोरून मारा सुरू झाला. वायरलेसवर हुकूम आला, "फायर!" अंधार पडेपर्यंत आम्ही गोळे भरत होतो. एकाचीही कंबर धरली नाही. त्याच संध्याकाळी समोरचा एक गोळा जवळ फुटला आणि दत्तू गेला.

निवृत्त होऊन पेणला आलो. इथल्या कारखान्यातला शाडूचा गणपती घेऊन दरवर्षी मी त्याच्या घरी जातो. गेल्या साली त्याच्या आईला पाहिलं. भातलावणीत वाकून वाकून कंबर धरलेली, भिंत धरून चालत होती.

तिची ठाण्याची लेक म्हणाली, "बस झाला आये. घराला कुलूप लावू, ठाण्याला चल."

"माझा दत्तू या घरात वाढला. मी नाय येत."

मी मध्ये पडलो. "ताई, एक वर्ष थांबा."

डॉक्टरांनी तपासून रोज चालायला सांगितलं. बाकीचं मी बघितलं. हंडा अर्धाच भरायचा. तांदूळ निवडताना पाठ भिंतीला टेकवायची, मधून मधून उठून अंगणात फेरी मारायची. उचलायचं कसं तेही शिकवलं.

"म्हातारीला कवायत शिकवतोस व्हय रं?" ती हसली. कवायत दत्तूची आहे म्हटल्यावर मात्र मुकाट्यानं ऐकलं.

यंदा गणपती नेऊन ओटीवर खाली ठेवला. लेक उचलायला पुढे झाली.

"सर गो बाजूला," आई म्हणाली.

मी हुकूम सोडला, "बस! पोटाशी घे! ऊठ!"

आई बसली, मूर्ती पोटाशी धरली आणि ताठ उभी राहिली. चालत मखरापर्यंत गेली. लेकीनं डोळे पुसले. "ऱ्हा बाय हितंच," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की दोन मोदक जास्तच खाल्ले.

आईनं दत्तूच्या फोटोकडे पाहिलं. "हुकूम बरा दिलास. पन त्याचा आवाज मोठा व्हता."

"व्हय आये," मी म्हटलं. "तोफ चालू असली तरी ऐकू यायचा."