मुलाणीबाबांची सुरी

मुलाणीबाबांचा कोणत्याच सुरीवर विश्वास नव्हता, स्वतःच्यासुद्धा. बकरं समोर आलं की ते आधी अंगठ्याच्या नखावरून पातं फिरवत. नखाला जरा अडखळलं की पुन्हा दगडावर. "जनावराला कळता कामा न्हाई," म्हणत. बकऱ्याला पाणी पाजलं का, हेही दोनदा विचारत. एवढा संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सोनईपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मी पाटलांची सून म्हणून आले. मरीआईच्या जत्रेचं बकरं मुलाणीबाबांनी बिस्मिल्ला म्हणून कापल्याशिवाय एकाही हिंदू घरात शिजत नसे. माझ्या माहेरी अकोल्याकडेही तेच. यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मरीआईनेही कधी तक्रार केली नव्हती.

मग नदीपलीकडच्या निजामाच्या मुलखातून जाळपोळीच्या, कत्तलींच्या बातम्या येऊ लागल्या, आणि संशय घेण्याचं काम गावाने आपल्याकडे घेतलं. बाबा संध्याकाळी दारात धार लावत बसायचे, ते वर्षानुवर्षांचं. आता लोक कुजबुजू लागले, "बकरं तर कुठं दिसत न्हाई, मग धार कशापायी?" खोटं कशाला बोलू, मीही दाराला आतून कडी घालू लागले. मामंजींनी त्यांना बोलावलं आणि सुरी आमच्याकडे ठेवायला सांगितली. बाबांनी ती फडक्यात गुंडाळून दिली. एवढंच म्हणाले, "पाटील, ओल लागू दिऊ नका."

सुरी आमच्या फडताळात पडून राहिली. एकदा घाईत खोबऱ्याची वाटी विळीला दाद देईना, म्हणून मी ती काढली, काम भागवलं आणि होती तशी ठेवून दिली.

जत्रा आली. दुसऱ्याने कापलेलं कुणाच्या घशाखाली उतरणार नव्हतं. मामंजींनी स्वतः सुरी बाबांच्या हातात दिली. सगळ्या गावाचे डोळे त्या हातावर. बाबांनी नखावरून पातं फिरवलं आणि थांबले.

"हिच्यानं कुनी काय कापलं?"

पदर सावरून मीच म्हणाले, "खोबरं. मी कापलं."

"पात्याला दाता पडलाय," ते म्हणाले. "गावानं माझ्यावर संशय घेतला, समजलं. दिसच तसं हायेत. पन सुरीनं काय केलं हुतं?"

मला मान वर करवेना. दुपारभर ते धार लावत बसले. ज्या आवाजाला गाव भीत होतं, तोच ऐकत गाव ताटकळत बसलं. मग त्यांनी बकरं कापलं, नेहमीसारखंच अलगद. आपला वाटा मात्र घेतला नाही. सुरी धुऊन, पुसून माझ्यापुढे ठेवली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यातच, सूनबाई. आता मला तिचा भरवसा न्हाई."

पंधरा दिवसांत ते लेकीकडे काष्टीला निघून गेले. माझं माफी मागणं राहूनच गेलं. पुढच्या जत्रेला बकरं होतं, पण कापायला माणूस नव्हता. गावाने मरीआईला नारळ फोडला, तो आजतागायत फोडतंय. हल्लीच्या सुना विचारतात, आपल्याच मरीआईला बकरं कसं चालत नाही? मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकते आणि चावत बसते.