वाढवलेली रॅम
मुलीच्या खोडरबराचा गोडसर वास आला, की रहिमतपुरात आमच्या जुनाट कॉम्प्युटरची रॅम वाढवायला साताऱ्याहून आलेला तो दीडशहाणा आठवतो. तासभर त्याने कुणाला जवळ फिरकू दिलं नाही, मग ऐटीत म्हणाला, "मेमरी डबल केली." कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर मेमरीचा आकडा मोजून दाखवायचा. फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, अण्णा, तेवढंच बघत होते. म्हणाले, "आवं, आकडा तर तोच हाय की!" "काका, जुन्या मशिनला नवा आकडा दाखवता येत न्हाई," म्हणत तो आमचाच चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर जुनीच रॅम खोडरबराने घासून चकचकीत केलेली, खाली रबराचा भुगा. असल्या भामट्याला मी काडीची किंमत देत नाही. पण त्याच्यासमोर, "अण्णा, तुमी गप बसा, लय फास्ट झालाय," असं म्हणणारा घरातला एकमेव कॉम्प्युटर इंजिनिअर मीच होतो.