उशिराचा जोर

"दम धरा, माझं अजून भरतंय," असं म्हणून मामा मोबाईल गुडघ्यावर टेकवायचे आणि अंगठा सदऱ्याला पुसायचे. तोवर आमचा अर्धा किल्ला पडलेला असायचा.

बसमधले सगळेच ज्यांना मामा म्हणायचे ते कुरकुंभच्या आमच्या कंपनीत बॉयलरवर होते, मी पॅकिंगला. पहिली पाळी सुटली की घरी जाताना बसमध्ये आम्ही मोबाईलवर लढाईचा खेळ खेळायचो. पाच विरुद्ध पाच. समोरच्यांचा किल्ला पाडला की जिंकलो. सुरुवातीलाच प्रत्येकाने निवडायचं असतं: पहिल्यापासून थोडी जास्त ताकद, नाहीतर आधी काहीच नाही, पण मिनिटागणिक वाढत जाऊन शेवटी भरमसाट. आम्ही पहिली घ्यायचो. निवृत्तीला आलेले मामा कायम दुसरी.

असा गडी तुमच्या वाट्याला आला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. पहिली वीस मिनिटं तो भिंतीआड उभा आणि मार आपण खायचा. मामा तेवढ्या वेळात वायरचे इयरफोन लावून आमच्या पाचव्या गड्याशी पुटपुटत बसायचे. हा पाचवा त्यांच्या ओळखीतला, कुठूनतरी लांबून खेळणारा. पडद्यावर त्याचं नाव 'भेंडी'. दोघं डावपेच आखत असतील असं आम्ही धरून चाललो होतो. डाव लांबलाच तर मामा बाहेर पडायचे आणि एकटे पाचांना लोळवायचे. पण एवढा लांबायचा क्वचितच.

शेजारच्या कंपनीच्या बसशी आमची अटीतटीची लढत ठरली. कप्तान मी. मी मामांना स्पष्ट सांगितलं, आज सुरुवातीची ताकद घ्यायची. त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला आणि सुरुवातीची घेतली.

नवव्या मिनिटाला आम्ही जिंकलो. बसमध्ये शिट्ट्या वाजल्या. त्या गडबडीत कुणाच्या तरी हाताने मामांच्या इयरफोनची वायर निघाली आणि मोबाईलमधून एका मुलीचा आवाज आला.

"पप्पा, एवढ्यात संपलं? मी अजून सांगितलंच न्हाई."

सगळे मामांकडे वळले. मामा ओशाळून म्हणाले, "भेंडी म्हंजी माझी पोरगी हाय. नागपूरला नर्सिंगला. फोन केला की 'बरी हाय' म्हणून ठेवती. खेळताना बोलती."

मी लगेच दुसरा डाव लावला आणि सगळ्यांना उशिराची ताकद घ्यायला लावली. पाचही जण दुबळे! शत्रू आम्हाला धोपटत होता आणि आम्ही दारात आडवे पडून किल्ला धरून होतो. मामांनी वायर पुन्हा लावली होती, तरी त्यांच्या बाजूचं ऐकू यायचंच. पोरीला शिक्षण सोडून घरी यायचं होतं. मामा रागावले नाहीत. शनिवारी ये, आईच्या हातचं खा, मग मी स्वतः दौंडला गाडीत बसवून देतो, एवढंच म्हणाले. ती रडून मोकळी होईपर्यंत आम्ही टिकलो. मग हरलो, सपाटून.

पोरीने कोर्स पुरा केला. तिकडेच एका दवाखान्यात लागली.

मामा मागच्या वर्षी निवृत्त झाले. ते उतरायचे त्या कासुर्डीच्या फाट्यावर आता बस थांबत नाही. काल नव्या दोघांतला एक आला नव्हता, पाचवा गडी कमी होता, म्हणून मी मित्रांची यादी उघडली. मामांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता; डाव चालू, अडतिसावं मिनिट. खाली भेंडीही.

मी बोलावणं पाठवलं नाही. आम्ही चौघंच खेळलो.