जिभेला न कळलेली साखर

वत्सलाबाई मोहिते यांची आणि माझी पहिली भेट म्हैसूरच्या कुवेंपुनगरमधल्या त्यांच्या घरामागच्या बागेत झाली. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रोजेक्ट म्हणजे नेमकं काय करायचं हे विचारायला घरी कोणी नव्हतं. मधुमेहासाठी लोक घरोघरी लावतात त्या दोन झाडांची तुलना, असा विषय मी घेतला होता. कारण अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नुकताच मधुमेह निघाला होता. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक मराठी बाई ही दोन्ही झाडं वाढवतात, एवढंच ऐकून मी गेले.

झाडं दाखवण्याआधी बाईंनी मला त्यांपैकी मधुनाशिनीचं पान चावायला दिलं आणि थोड्या वेळाने चिमूटभर साखर. तोंडात वाळू आल्यासारखं झालं. साखर कुठे गेली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाहीशी झाली.

"कुठेही गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "पोटात गेली, तिथून रक्तात जाणार. या पानामुळे फक्त जिभेला कळलं नाही. आता वही उघड."

पुढे कित्येक रविवार मी त्या बागेत गेले. आपल्या म्हैसुरात ज्याला सगळे 'इन्सुलिन गिडा' म्हणतात, ते झाड बाईंनी भिंतीच्या सावलीत लावलं आहे. त्याला ओलसर, पालापाचोळ्याने झाकलेली माती लागते. खोडाचा तुकडा खोचला तरी ते धरतं, कुंडीतही भराभर वाढतं. फक्त गोगलगायींपासून जपावं लागतं. पान जरा आंबट. मधुनाशिनी मात्र वेल आहे. तिला आधार हवा, उजेड हवा, पाणी निथळून जाणारी जमीन हवी. तिची कांडी मुळं धरायला फार वेळ लावते आणि पाणी साचलं की मुळं कुजतात. नावात इन्सुलिन असलं तरी त्या झाडाच्या पानात इन्सुलिन नसतं, हे बाई प्रत्येकाला सांगतात. या पानांवर अभ्यास चालू आहेत हेही सांगतात. पण गोळ्यांऐवजी ती चालत नाहीत, आणि गोळ्यांबरोबर खाल्ली तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना आधी विचारायचं. हे ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्या फाटकातून रोप बाहेर जात नाही.

एकदा मोबाइलवर व्हिडिओ पाहून एक गृहस्थ पिशवी घेऊन आले होते. गोळ्या चालू आहेत ना, असं बाईंनी विचारल्यावर ते चिडले. झाडं लावता की औषधाचं दुकान चालवता, असं म्हणाले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, ताक दिलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. गृहस्थ ताक पिऊन, रोप न घेता गेले. मला वाईट वाटलं. बाई शांतपणे कुंड्यांकडे वळल्या.

माझं शिक्षण कानडीतून झालं. आम्ही घरी मराठी बोलतो, पण निम्मे शब्द कानडी. बाईंनी माझ्याकडून सगळी टिपणं मराठीत लिहून घेतली आणि तांबड्या शाईने दुरुस्त केली. "तुझं मराठी इन्सुलिन गिड्यासारखं आहे," त्या म्हणायच्या, "घराच्या सावलीत बरं वाढतं, उन्हात आणलं की करपतं." आज हा लेख मी लिहू शकते आहे, तो त्या दुरुस्त्यांमुळे.

आता जे लिहिणार आहे, ते लिहायला अप्पांनी परवानगी दिली आहे.

आमचे पूर्वज कापड रंगवायचे. अप्पा मेटगळ्ळीच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करतात. आमचं घर हूटगळ्ळीला. मला नोकरी लागल्यानंतरच्या वर्षी शेजाऱ्यांनी अप्पांना ही दोन्ही रोपं आणून दिली. ते सकाळी मधुनाशिनीचं पान चावायचे आणि मग चहा घ्यायचे. चहात साखर असूनही त्यांना ती लागायची नाही. एक दिवस ते खुशीत आईला म्हणाले, "नोडु, बघ, माझी साखर गेली की गं." आपल्याकडे रोगालाही साखर म्हणतात आणि डब्यातल्या वस्तूलाही. अप्पांनी दोन्ही एकच धरलं आणि कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या.

मला हे कळलं ते आई मोजा धूत होती तेव्हा. त्यावर पिवळा डाग होता. अप्पांच्या टाचेला आणि बोटाला बूट लागून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. मी दवाखान्यात चला म्हणाले. त्यांनी उलट विचारलं, बीएस्सी झालीस म्हणजे डॉक्टर झालीस काय? मी ओरडले, रडले, आईनेही अबोला धरला. ते सुम्ने, उगाचच, हसत कामावर गेले. शेवटी मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रिक्षा करून आमच्या दारात आल्या. आधी झाडं दाखवा म्हणत, गुडघे धरत गच्चीवर चढल्या. इन्सुलिन गिडा भर उन्हात करपला होता आणि मधुनाशिनी सावलीत, पाणी साचलेल्या कुंडीत उभी होती. बाईंनी दोन्ही कुंड्यांची जागा बदलायला लावली. अप्पांना वाटलं, एवढ्यासाठीच आल्या असतील. ते मोकळेपणाने बोलू लागले, साखर कशी गेली ते सांगू लागले.

"कोणी सांगितलं गेली म्हणून?"

"कोण कशाला सांगायला पाहिजे अक्का? चहा प्यालो की कळतंय."

बाईंनी पाय दाखवायला सांगितला. अप्पांनी संकोचत बूट काढला आणि म्हणाले, "नोवु इल्लवे इल्ला. दुखतच नाही."

"त्याचीच मला भीती वाटते," बाई म्हणाल्या. "एवढी जखम आहे आणि दुखत नाही. आधी साखर जिभेला कळली नाही, आता जखम पायाला कळत नाहीये. आणखी कशाकशाला कळायचं थांबेपर्यंत वाट बघायची?"

मग बाई म्हणाल्या, रिक्षा थांबवून ठेवली आहे. अप्पा एका पायात बूट घालून खाली उतरले.

रक्तातली साखर पाहून डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घेतलं. पाय वाचला; एक बोट गेलं. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं. ते मी इथे लिहू शकत नाही. अप्पा घरी येईपर्यंत बाई रोज फोन करत होत्या आणि आई जेवली का, हे आधी विचारत होत्या.

हे सगळं लिहिण्याला कारण आहे. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या सोहळ्यात प्रत्येक पाहुण्याला इन्सुलिन गिड्याचं रोप भेट द्यावं, असं सोहळ्याच्या आपल्या समितीने ठरवलं होतं. बाईंनी नकार दिला. काही ज्येष्ठांना तो मान न राखल्यासारखा वाटला, हे मला माहीत आहे. त्यांना माझी नम्र विनंती आहे, की त्यांनी तो नकार आमच्या घरातून पाहावा. गर्दीत प्रत्येकाला थांबवून विचारता येत नाही, आणि विचारल्याशिवाय रोप देणं बाईंना जमत नाही.

खरं सांगायचं तर मला काळजी वाटते. व्हिडिओ वाढले आहेत, फाटकाशी येणारे वाढले आहेत आणि बाईंचा आवाज बारीक झाला आहे. मी आणि आणखी दोघी रविवारी त्यांच्याबरोबर उभ्या राहतो. आम्ही सांगितलेलं लोक ऐकतीलच असं नाही; त्यांनी बाईंचंही नेहमी ऐकलेलं नाही. तरी विचारत राहायचं, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो आहोत.

अप्पांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "अक्कांना सांग, पाय रोज बघतो, गोळी पण घेतो. आणि म्हणावं, त्या गुडघ्यांसाठी तुम्ही कधी जाणार? रिक्षा मी घेऊन येतो."

वत्सलाबाई, पंचाहत्तरीच्या निमित्ताने आम्हा सगळ्यांची इच्छा अप्पांच्या या निरोपात आली आहे. तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. आणि त्यासाठी आता तुम्हीही डॉक्टरांकडे चला.